तुमच्या गावात ‘उदास’ला काय म्हणतात?

निंबोणी

नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं या संकेतस्थळावर वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी विदर्भातल्या एका मेडिकल कॉलेजात मानसोपचारात एम.डी. करतेय, दुसरं वर्ष. मूळची दारव्हा तालुक्यातली. थिसिसचा विषय: खेड्यातून ओपीडीत येणाऱ्या लोकांमध्ये नैराश्य किती. मोजायचं साधन पीएचक्यू-९. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज २७ पर्यंत. १० किंवा त्याच्या वर गेलं की कान टवकारायचे. मराठी भाषांतर तयार मिळतं. म्हटलं, सोपं काम आहे.

पहिला प्रश्न कामातला रस आणि आनंद कमी झाला का, असा. समोर साठीची बाई, निंदणाची मजुरी बुडवून आलेली. म्हणाली, “कामात कायचा आनंद वं बाई? काम म्हंजे काम.” आता शून्य लिहू की तीन?

दुसरा प्रश्न, उदास वाटतं का. समोर आजोबा. “उदास? नाई. उदास कायले राहू? फक्त जीव लागत नाई.” मी इमानदारीत शून्य लिहिला. मागून मुलगा म्हणाला, “मॅडम, बुढा तीन महिन्यांपासून वावरात नाई गेला.”

सरांना सांगितलं. ते म्हणाले, भाषांतर तपासून घेतलेलं आहे, तू नवीन घोळ घालू नको, आधी थिसिस संपव. त्यांचंही चूक नाही. तारीख कोणासाठी थांबत नाही.

तर विचारायचं असं की तुमच्या गावात, तुमच्या घरात या अवस्थेला लोक काय म्हणतात? पुस्तकी नको, आजीच्या तोंडचं हवं. आणि दुसरा प्रश्न जरा स्वार्थी आहे. एखादी मानसोपचारतज्ज्ञ हाच विषय धरून, म्हणजे माणसाची भाषा, देवधर्म, गाव याने आजार कसा घडतो हे धरून, आयुष्यभर संशोधन करू शकते का? की हा थिसिसपुरता उमाळा आहे?

सुपारीफोड

आमच्याकडे याला लग्न म्हणतात. (हलके घ्या.)

पऱ्हाटी

सुपारीभाऊ, हा जोक माह्या आज्याच्या लग्नातला हाय.

निंबोणीताई, लिहून घ्या. जीव लागत नाई. करमत नाई. डोकं भनभनते. हातपाय गळून जाते. घाबरा सुटते. डोकं आउट झालं. अन् या सगळ्याचा बाप म्हंजे टेन्शन. टेन्शन आता आमच्याकडचा शब्द हाय राजेहो, त्याचं नाव सातबाऱ्यावर चढलं. माही माय सही करत नाई, अंगठा देते, पण टेन्शन तिले बरोबर समजते. “त्याले टेन्शन हाय, त्याले बोलू नोको.” एवढ्यावर घर शांत होते.

उदास आमच्याकडे फक्त सिनेमातला हिरो राहते.

कोकणकडा

पऱ्हाटी म्हणजे काय?

पऱ्हाटी

कापसाचं झाड. अन् मीही.

मुक्काम पोस्ट

अकोट तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं मास्तरकी केली. शब्दांचं म्हणाल तर या सगळ्यांना एका पोत्यात भरू नका, त्यांच्यात फरक आहे.

‘करमत नाही’ म्हणणाऱ्याला कोणीतरी किंवा काहीतरी हवं असतं. लेक सासरी गेली की आईला करमत नाही. चार दिवस माहेरपणाला आली की करमतं. ‘जीव लागत नाही’ हे वेगळं. लेक घरी आहे, नातू मांडीवर आहे, तरी जीव लागत नाही. आमच्याकडची बाई हे दोन शब्द कधी अदलाबदल करत नाही. तुमच्या नऊ प्रश्नांमध्ये हा फरक कुठे धरला आहे ते मला सांगा.

तिसरा ‘मन उडालं’. हे कशावरून तरी उडतं, शेतीवरून, संसारावरून, एखाद्या माणसावरून. चौथा ‘भरमला’ किंवा ‘डोक्यात फरक पडला’. इथे गाव सावध होतं, पोरीची सोयरीक अडते. आणि पाचवा ‘बाहेरचं’. नीट बघा, बाहेरचं हे लक्षणाचं नाव नाहीच, ते कारणाचं नाव आहे. एकदा बाहेरचं म्हटलं की माणूस कुठे न्यायचा ते ठरून जातं. डॉक्टर त्या रस्त्यावर लागत नाही.

जिजी

मास्तर, मनातलं बोललात.

मी मेळघाटाच्या पायथ्याशी उपकेंद्रावर असते. माझ्याकडे बायका मन घेऊन येतच नाहीत. अंग घेऊन येतात. कंबर धरली, डोकं ठणकते, पांढरं जाते, भूक मेली. आणि मग, “सिस्टर, पिवळी बाटली लावून द्या.” बाटली कशाला, तर अशक्तपणा. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेअकरा, म्हणजे आमच्या हिशेबात बाई पहिलवान. पण बाटलीने बरं वाटतं, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. तासभर ती पडून राहते, नवरा बाहेर बाकावर बसून असतो, सासू स्वयंपाक करते. आयुष्यात दुसरा कोणता तास असा मिळतो तिला?

वर कोरकू पाड्यांवर आधी भुमकाकडे, म्हणजे त्यांच्या वैदूकडे, जातात. त्याची ना फी ठरलेली ना वेळ. तो घरच्या सगळ्यांना बसवून विचारतो, कोणाशी भांडण झालं, कोणता देव राहिला. माझ्याकडे चाळीस जणांची रांग असते, मला विचारता येत नाही. हे भुमक्याचं कौतुक नाही. जुलाबाच्या लेकराला तो दोन दिवस ठेवून घेतो तेव्हा माझं डोकं फिरतं.

तर्कट

धागा छान आहे, पण दिशा चुकतेय. मधुमेहाला आजी ‘गोड लघवी’ म्हणते, मी शुगर म्हणतो, मीटर दोघांनाही तोच आकडा दाखवतं. मेंदूही सगळ्यांचा सारखाच. नैराश्य हा आजार आहे, गोळीने बरा होतो. संस्कृती वगैरे म्हणजे आजारावरचं वेष्टण. वेष्टणावर पीएच.डी. करायची तर करा, पण त्या नादात ‘बाहेरचं’ला प्रतिष्ठा देऊ नका. ज्या मातीत गाडगेबाबांनी हातात खराटा आणि तोंडात कीर्तन घेऊन नवसाच्या बोकडांवर झोड उठवली, त्या अमरावती जिल्ह्याशेजारी बसून हे बोलावं लागतं याचं वाईट वाटतं.

डॉ. खडीसाखर

पस्तीस वर्षं प्रॅक्टिस, त्यातली बरीच अकोला-वाशिम पट्ट्यात. तर्कट, तुमची उपमा चांगली आहे आणि तिच्यातच गोम आहे. साखरेचं मीटर रक्ताला विचारतं. आमचं मीटर म्हणजे तेच नऊ प्रश्न, आणि ते माणसाला विचारावे लागतात. शब्द बदलला की आकडा बदलतो. निंबोणीने लिहिलेला शून्य हा त्याचा पुरावा आहे.

तिच्या दुसऱ्या प्रश्नासाठी एक जुनी गोष्ट सांगतो. आर्थर क्लाइनमन हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ, मानववंशशास्त्रही शिकलेले. साठच्या दशकाच्या शेवटी तैवानला गेले आणि तिथपासून चिनी समाज हाच त्यांचा अभ्यास झाला. १९८० मध्ये चीनच्या हुनान प्रांतात, चांग्शाला, त्यांनी १०० रुग्ण तपासले. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्यांचं निदान केलं होतं ‘शेनजिंग श्वायरुओ’, म्हणजे मज्जातंतूंचा अशक्तपणा. तक्रारी कोणत्या? डोकेदुखी, झोप नाही, थकवा, चक्कर. जिजींची ओपीडीच समजा. अमेरिकन निकष लावले तर त्यांतल्या ८७ जणांना नैराश्य निघालं.

इथे तर्कट टाळी वाजवतील. थांबा. गोळ्या दिल्यावर बऱ्याच जणांची लक्षणं कमी झाली, पण आजारीपण तेवढं गेलं नाही. कारण त्या दुखण्याच्या खाली माओच्या सांस्कृतिक क्रांतीची वर्षं होती, फुटलेली कुटुंबं होती, नकोशी नेमून दिलेली कामं होती. आणि त्या काळात ‘मी खचलोय’ असं उघड म्हणणं म्हणजे राजकारणावर बोलणं. डोकं दुखतं म्हणायला बंदी नव्हती.

त्याआधी, १९७७ मध्येच, क्लाइनमन यांनी एका चुकीला नाव दिलं होतं, कॅटेगरी फॅलसी. एका समाजात तयार झालेली निदानाची चौकट दुसऱ्या समाजावर ठेवायची, चौकटीत बसणारी माणसं सापडली की म्हणायचं बघा, आजार सगळीकडे सारखाच. चौकटीबाहेर जे राहिलं ते मोजलंच जात नाही.

आता यातली गंमत. हे मज्जातंतूंचं अशक्तपण मूळचं चिनी नाहीच. न्यूरास्थेनिया हा शब्द जॉर्ज बिअर्ड या अमेरिकन डॉक्टरने १८६९ मध्ये चालवला. अमेरिकेचा माल चीनला गेला, तिथे रुजला, आणि १९८० मध्ये अमेरिकेने आपल्या निदानाच्या यादीतून तो काढून टाकला. पऱ्हाटींच्या टेन्शनचं तसंच आहे. बाहेरून आलं आणि सातबाऱ्यावर चढलं.

कोकणकडा

उलटंही होतं. बायको जपानी शिकवते. ती सांगते की २००० च्या आसपास तिकडे नैराश्याच्या गोळ्या विकायला आल्या तेव्हा ‘कोकोरो नो काझे’ असा शब्दप्रयोग चालवला गेला, मनाची सर्दी. सर्दी कोणालाही होते, लाजायचं काय, गोळी घ्या. खप वाढला.

सुपारीफोड

मनाची सर्दी म्हटलं की आमची आजी मनाला वाफारा देईल.

अळीमिळी

हा आयडी नवीन आहे, मुद्दाम काढला. का ते कळेलच.

माझ्या मोठ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आज तो बरा आहे, म्हणजे दूध डेअरीवर घालतो, हिशेब ठेवतो, गोळी रोज घेतो. पण सुरुवात कशी झाली ते सांगते.

आमच्याकडे शेतीच्या मोटारीला लाइन रात्री यायची. आठवड्यातले काही दिवस बारा-एकला. त्यामुळे माणूस रात्री दोन वाजता उठून बॅटरी घेऊन वावरात गेला तर कोणी विचारत नाही, ओलित करायला गेला असेल. दादा असाच जायचा. हरभऱ्याला पाणी द्यायचा. सगळे म्हणायचे, पोरगा कष्टाळू आहे. हरभरा पिवळा पडून सडायला लागला तेव्हा बाबांनी विचारलं, एवढं पाणी कशाला देतो? तो म्हणाला, आबा रोज सांगतात, उठ, पाणी दे. आबा म्हणजे आमचे आजोबा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली होती.

म्हणजे किमान दोन महिने तो आजारी होता आणि आमच्या घराला तो गुणी मुलगा वाटत होता.

पुढचं नेहमीचं. आत्याने सांगितलं बाहेरचं आहे. आबांचं काही राहिलं असेल. उतारे झाले, गंडा झाला. मग एका ठिकाणी नेलं, त्या जागेचं नाव घेत नाही. तिथे सव्वा महिना होतो. आईने तिथे चूल मांडली. तिथे त्याच्या पायात साखळी होती. माझी आई तेव्हा म्हणायची, बांधलं म्हणून पळून गेला नाही, जिवंत तरी राहिला. मी अजूनही तिच्याशी यावरून भांडते.

पण दुसरीही बाजू लिहिते, नाहीतर खोटं होईल. त्या जागी आईला पहिल्यांदा तिच्यासारख्या दहा आया भेटल्या. गावात आमच्याकडे कोणी चहाला येत नव्हतं. तिथे कोणी कोणाला हसत नव्हतं. दवाखान्याचा पत्तासुद्धा तिथल्याच एका बाईने दिला, जिचा मुलगा गोळ्या खाऊन सुधारला होता आणि तरी ती गुरुवारी धुपासाठी यायची. दादाही अजून वर्षातून एकदा नारळ घेऊन जातो. डॉक्टरांना माहीत आहे. ते म्हणाले, जा, फक्त गोळीचा डबा सोबत ने.

पऱ्हाटी

ताई, हरभऱ्याचं वाचून मी दहा मिनिटं मोबाइल खाली ठेवला.

तर्कट

अळीमिळी, लिहिलंत त्याबद्दल आभार. वेष्टण हा माझा शब्द मागे घेतो. साखळीचं मात्र सोडणार नाही. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एर्वाडीला आग लागली तेव्हा २८ मनोरुग्ण जळून गेले. साखळ्यांनी बांधलेले होते म्हणून पळता आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडाला स्पष्ट बंदी आहे. आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. आईचं दुःख समजतो, पण ‘तिथे आधार मिळतो’ म्हणताना ही आग विसरू नये.

डॉ. खडीसाखर

विसरू नयेच. साखळीवर माझं आणि तर्कटांचं एकमत आहे.

आधाराचंही मात्र कोणीतरी मोजून बघितलं आहे. तमिळनाडूतल्याच एका देवळात, मुथुस्वामीच्या, राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास बंगळूरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी केला, २००२ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिथे मारहाण नाही, मंत्रतंत्र नाही, फक्त राहायचं, झाडलोट करायची, घरचं एक माणूस सोबत. सरासरी सहा आठवड्यांत लक्षणांचे गुण सुमारे २० टक्क्यांनी उतरले. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून यावरून ढोल वाजवू नयेत. पण उडवून लावण्यासारखंही ते नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात दवा आणि दुवा शेजारी शेजारी ठेवायचा प्रयोगही झाला. आपल्याकडे होळीला सैलानीच्या यात्रेत नारळांची केवढी होळी पेटते आणि तिथे मनाच्या त्रासाची किती माणसं येतात, हे बुलढाणेकरांना सांगायला नको. तिथे येणाऱ्या घरांशी बोलायला आमच्यातले किती जण जातात?

आणि अळीमिळी, तुमच्या आबांच्या आवाजाबद्दल. टान्या लुर्मन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातलं सॅन मातेओ, घानातलं अक्रा आणि आपलं चेन्नई इथे आवाज ऐकू येणाऱ्या प्रत्येकी २० जणांशी सविस्तर बोलून २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले. अमेरिकेतल्यांना आवाज बहुतेक अनोळखी, हिंसक, शिव्या देणारे. अक्रात बऱ्याच जणांना देवाचा. आणि चेन्नईत पुष्कळांना नात्यातल्यांचे, घरकाम सांगणारे, रागावणारे. स्वयंपाक कर, अंघोळ कर. मला तुमचा हरभरा वाचून तेच आठवलं. मेंदूत बिघाड एकच असेल, पण त्या आवाजाला तोंड घरातलं मिळतं.

संत्राबर्फी

अंगात येण्याचं कोणी बोललंच नाही. माझ्या काकूच्या अंगात नवरात्रात देवी यायची. लेखांमधून नेहमी वाचते की दबलेल्या बाईला एवढाच आवाज असतो म्हणून अंगात येतं. माफ करा, आमची काकू घरची हुकूमशहा होती. काका तिच्यापुढे चळाचळा कापायचे, देवी असो नसो. उलट अंगात आल्यावर ती मऊ व्हायची, जावेला जवळ घ्यायची, रडायची. एरवी तिला रडायची सोय नव्हती. मग ही थिअरी कुठे बसवायची?

मुक्काम पोस्ट

थिअरी बसवू नका. काकूबद्दलच अजून लिहा.

कोकणकडा

अवांतर: संत्राबर्फी नागपूरहून मागवायची तर टिकते का?

संपादक

कृपया विषयाला धरून राहा. बर्फीसाठी पाककृती विभाग आहे.

हेडक्लार्क

तहसील कार्यालयात होतो, आता निवृत्त. एक गोष्ट सांगतो, ती देवाधर्माची नाही, फायलीची आहे.

शेतकऱ्याने जीव दिला की मदतीची केस होते. एक लाख, त्यातले तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. केस पात्र की अपात्र हे समिती ठरवते. शेत नावावर आहे का, कर्ज आहे का, वसुलीचा तगादा होता का. मी अनेक घरांत कागदं गोळा करायला गेलो. बायको किंवा भाऊ आधी सांगायचे, सहा महिन्यांपासून जेवत नव्हते, झोपत नव्हते, कोणाशी बोलत नव्हते. मग आतून कोणीतरी खाकरायचं आणि ती गोष्ट तिथेच थांबायची. दवाखान्याची चिठ्ठी असली तरी बाहेर यायची नाही. कोणीतरी सांगून ठेवलेलं असायचं, आजार निघाला तर केस बसणार नाही.

मग फायलीत काय राहायचं? नापिकी आणि कर्ज. दोन्ही खरं. पण जेवत नव्हता, झोपत नव्हता, हेही खरं होतं आणि त्याला रकाना नव्हता. डॉक्टर चौकट म्हणाले तेव्हा मला आमचा नमुना आठवला.

(ज्याला स्वतःला किंवा घरात कोणाला असं होत असेल, त्यांनी टेलिमानस १४४१६ वर फोन लावा. फुकट आहे, मराठीत बोलतात.)

पऱ्हाटी

हेडक्लार्क काका, बराबर. अन् जो अपात्र झाला त्याच्या घरचे वर्षभर दोन दुःखं घेऊन बसते.

डॉ. खडीसाखर

यावरून एक वाद आठवला. डेरेक समरफील्ड नावाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत, पाश्चात्त्य निदानं जगभर वाटत फिरण्याचे कट्टर टीकाकार. ते कंबोडियातली गोष्ट सांगतात. भातशेती करणाऱ्या माणसाचा पाय सुरुंगात गेला. कृत्रिम पाय लावला, पण चिखलात उभं राहणं होईना, रडत बसायचा. गावकऱ्यांनी त्याला गाय घेऊन दिली. दूध विकायला लागला आणि सावरला. तिथले डॉक्टर म्हणाले, आमच्याकडे ही गाय म्हणजेच नैराश्यावरची गोळी.

पऱ्हाटी

डॉक्टरसाहेब, आमच्या गावातबी गाय आलती! एका योजनेत जर्सी भेटली माह्या मोठ्या बापाले. ते ढेप किती खाये म्हाइत हाय का? सरकीची ढेप आणू आणू बुढ्याची कंबर मोडली. दुधाले भाव नाई, गायीले उन्हाळा सोसत नाई, पंखा तिच्याकडे अन् बुढा उकाड्यात. शेवटी गाय विकली तव्हा कुठी टेन्शन गेलं.

कंबोडियात गाय हे गोळी. आमच्या इथं गायच बिमारी.

सुपारीफोड

या धाग्यावरचा सगळ्यात भारी शोधनिबंध.

जिजी

हसले, पण खरं आहे. गाय ही गोष्ट नव्हतीच. त्या गावाने बसून ठरवलं की या माणसाला काय झेपेल, ती गोष्ट होती. मोठ्या बापाला कोणी विचारलं होतं?

निंबोणी

ड्यूटीत होते, तीन दिवस फिरकता आलं नाही. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मास्तरांचा करमणं आणि जीव लागणं यातला फरक वहीत उतरवून घेतला आहे. अळीमिळी, तुम्हाला काय लिहू.

सरांना हा धागा दाखवला नाही, पण शब्दांची यादी दाखवली. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, ‘घाबरा सुटणं’ माझी आईसुद्धा म्हणायची. पीएचक्यू सोडायचं नाही, पण नऊ प्रश्नांआधी एक पान मोकळं ठेवायला परवानगी मिळाली. या त्रासाला तुम्ही काय म्हणता, कशाने झाला, आताच का, सगळ्यात भीती कशाची वाटते. एथिक्स कमिटीकडे दुरुस्ती पाठवतेय.

करियरच्या प्रश्नाला मात्र सगळ्यांनी बगल दिली!

डॉ. खडीसाखर

खरंय, मीच गोष्टी सांगत बसलो.

विक्रम पटेल हे नाव तू ऐकलंच असशील. मुंबईचा माणूस, इंग्लंडात शिकला, नव्वदच्या दशकात झिम्बाब्वेत हरारेला गेला. जाताना शंका होती की आपली निदानं तिथे लागू पडतील का. तिथल्या वैदूंशी आणि त्यांच्या रुग्णांशी बोलत राहिला. लोक म्हणायचे ‘कुफुंगिसिसा’, शोना भाषेत फार विचार करणं. “लय इचार करते” असं आपली बाई म्हणते ना, तेच. शब्द वेगळे निघाले, त्रास ओळखीचा निघाला. मग त्याने आणि सहकाऱ्यांनी तिथल्याच शब्दांतून १४ प्रश्नांची यादी बांधली, १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात कुफुंगिसिसा आहे. पुढे डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेत १४ आज्यांना शिकवून बाकावर बसवलं, तीच ‘फ्रेंडशिप बेंच’. त्या आज्या हीच यादी वापरतात. एका माणसाच्या शब्द गोळा करण्याचं पुढे काय होतं, ते बघ.

पटेल गोव्यात आला, १९९६ मध्ये ‘संगथ’ ही संस्था उभी राहिली. आणि त्या कामाचा एक धागा आपल्या दारात आला. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जायचं, समुपदेशकाने बोलायचं, अवघड रुग्णालाच मानसोपचारतज्ज्ञाने बघायचं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्के झाले. निकाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता कडू भाग. यातून पैसा नाही. प्रॅक्टिसवाले मित्र नागपुरात फ्लॅट घेतील तेव्हा तू कुठल्यातरी ग्रामपंचायतीच्या ओसरीवर बसून ध्वनिमुद्रणं उतरवत असशील. पेपर परत येतील. डॉक्टर म्हणतील हे समाजशास्त्र आहे, समाजशास्त्रवाले म्हणतील ही डॉक्टर आहे. क्लाइनमनना तैवान आणि चीनमध्ये दहा-बारा वर्षं घासल्यावर ते १०० रुग्ण कळले. तुझ्याकडे एक गोष्ट मुळातच आहे, “काम म्हंजे काम” हे तुला दुभाष्याशिवाय ऐकू आलं.

मी हे केलं नाही. हप्ते होते. म्हणून सल्ला मोफत.

तर्कट

पटेलांची गोष्ट माझ्या बाजूची आहे हे नोंदवून ठेवतो. त्रास ओळखीचाच निघाला!

मुक्काम पोस्ट

निघाला, पण तो ओळखायला आधी त्यांचा शब्द शिकावा लागला. तर्कटराव, अर्धा अर्धा वाटून घेऊ.

निंबोणी

जाता जाता एक. (तपशील बदलले आहेत, ओळख पटणार नाही.)

ते जीव न लागणारे आजोबा काल फॉलो-अपला आले. गोळी सुरू होऊन सहा आठवडे झाले. यावेळी मी थेट विचारलं, आजोबा, जीव लागते का आता? म्हणाले, “थोडा थोडा. वावरात चक्कर मारून येतो. गोऱ्हा मोठा झाला.” मी खूश. मग मुलगा हसायला लागला. म्हणाला, मॅडम, मागच्या वेळी तुम्ही ते विचारलं ना, तेव्हापासून बुढा घरी सगळ्यांना विचारते, “मी उदास हाओ का बे?” आता सूनही म्हणते, बाबा आज उदास आहेत, चहा जास्त गोड करा.

पऱ्हाटी

घ्या! शब्द तुम्हीच पेरून आल्या.

तर्कट

मग यावेळी दुसऱ्या प्रश्नाला किती गुण दिले?

निंबोणी

त्यांनी स्वतःच सांगितलं, “उदास हाय थोडा.” जीव लागतोय आणि उदासही आहेत. रकाना अजून कोराच आहे.

डॉ. खडीसाखर

कोराच ठेव. शेजारी तारीख टाकून हे सगळं जसंच्या तसं लिहून काढ, सून आणि चहासकट.